पुन्हा हात लावावा लागू नये म्हणून

छिन्नी दुसऱ्याच ठोक्याला आत गेली, मुठीपर्यंत,
आणि मला कळलं, इथं भिंत नाही.

सिमेंटचं टरफल होतं, दोन बोटं जाड,
त्याला धरून बसलेली गंजकी जाळी,
आणि जाळीमागं
चाळीस हिवाळ्यांचं बर्फ पिऊन बसलेला गाळ.
कच्च्या विटा कोपऱ्यांपासून विरघळत गेलेल्या.
उंदरानं साठवलेले मक्याचे दाणे, काळे.
म्हणजे इतकी वर्षं
भिंतीच्या जागी भिंतीचा नुसता आकार उभा होता
आणि आम्ही त्यावर कॅलेंडरं टांगत होतो.

सिमेंट माझ्या भावानं लावलं. एलिसेओनं.
रस्तेखात्यातला पहिला पगार झाला
तसा सांता फेला जाऊन अकरा गोणी घेऊन आला,
ट्रकवर ताडपत्री बांधून,
पावसात या मोरा खोऱ्याचा घाट चढून.
आईला म्हणाला, आता पुन्हा हात लावावा लागणार नाही.
तेव्हा तिची बोटं अशी झाली होती
की सुईत दोरा जायचा नाही.
तिनं टाळी वाजवली. मी पाहिलंय.
म्हणून त्याला कोणी काही बोलू नये.

सात आठवडे गेले.
विटा नव्यानं पाडल्या. ग्रासिएला, भाचीची मुलगी,
शाळा सुटली की साचे धुवायला यायची,
अर्धा वेळ फोनवर.
बाहेरून चुना दिला, खड्ड्यात वर्षभर मुरलेला,
लोण्यासारखा दिसतो, बोट घातलं तर कातडी सोलतो.
आतून माती.
ओढ्यापलीकडच्या कड्याची, अभ्रकाची चमक असलेली,
दोनदा चाळून, पेंढा बोटभर कापून
भिजत टाकायची.
तिसऱ्या दिवशी वास सुटतो
गोठ्याचा आणि आंबलेल्या पिठाचा मिळून.
तो आला की समजायचं, आता धरेल.

भिंत श्वास घेते, असं शहरातले लोक मला सांगतात.
मी मान डोलावते. ते वेळेवर पैसे देतात.
मला ठाऊक आहे ते एवढंच:
शेगडीवर दिवसभर घेवडा शिजतो
आणि खिडकीच्या काचा कोरड्या राहतात.
वाफ भिंत पिते.
जानेवारीत ओठ फुटायला लागले
की तेच पाणी थोडं थोडं परत करते.
उधारी ठेवत नाही.
यात श्वास कुठला?
हा शेजारधर्म आहे.

शेवटचा हात पांढऱ्या मातीचा,
ताकासारखा पातळ, गव्हाच्या खळीत कालवलेला.
त्याला आमच्यात आलीस म्हणतात.
आलीस.
आतल्या खोलीतून कुणी विचारावं तसा शब्द.
मेंढीच्या कातड्यानं लावायचा,
लोकरीची बाजू भिंतीकडे,
आणि मनगट सैल. जोर केला की ओरखडे उठतात.

एलिसेओ आला तेव्हा अर्धी भिंत ओली होती.
गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच आला, काठी टेकत.
मी सांगायचं ठरवलं होतं ते सगळं विसरले.
अंगणातला ढिगारा त्यानं बघितलाच असणार,
अकरा गोण्या, तुकडे तुकडे.

मेंढीचा वास मारतोय, म्हणाला.
मग खुर्ची उलटी फिरवून बसला.
किती टिकेल हे?
शेगडीजवळ दोन वर्षं. बाकी चार.
आणि मग?
मग पुन्हा.
म्हणजे हात लावावा लागणार.
लागणार.

बराच वेळ कातड्याचाच आवाज,
गाईनं वासराला चाटावं तसा.
मला वाटलं आता हा उठून जाईल.
उठला खरा.
खुंटीवरचा दिवा काढला, वायर सोडवली,
आणि भिंतीला लावून तिरपा धरला.
एकेक उंचवटा सावली टाकू लागला.

इथं, म्हणाला. इथं सुटलंय.
आणि खिडकीखाली, वीतभर.
नजर अधू झाली तुझी, दोमितिला.

खरंच सुटलं होतं.
मी कातडं पुन्हा बुडवलं.